बोटभर उंचीची माणसं

फोटो पालथा होता, म्हणून वाहेदला आधी काहीच कळलं नाही. समोरचा तिशीचा माणूस तो पाकिटातून काढून काउंटरवर ठेवून मोबाइलवर बोलत राहिला होता. वाहेदनं सवयीनं पाठीवरच टेप लावला, माप मनात धरलं आणि फ्रेमला कोणती पट्टी पाहिजे म्हणून भिंतीवरच्या नमुन्यांकडे बोट केलं. माणसानं फोन छातीशी दाबून सांगितलं, "साधीच टाका. काळी. अन् हार घालाले वरतून खिळा राहू द्या." मग वाहेदनं फोटो उलटला. ओळखपत्रावरचा छोटा फोटो फुगवून मोठा केलेला होता, त्यामुळे चेहरा धुक्यातून बाहेर येत असल्यासारखा वाटत होता. पण कॉलर कडक इस्त्रीची होती आणि डाव्या भुवईत केस नसलेली ती रेघ होती. भागवत मास्तर. मेलेल्या माणसांचे चेहरे वाहेदच्या दुकानातून रोजच जात. मलकापुरातल्या कितीतरी घरांतले आईबाप त्यानंच काचेआड बसवले होते, आणि बसवताना नजर काचेवर असायची, चेहऱ्यावर नसायची. आता त्याला काच दिसेना.

"कोन हायेत हे?" त्यानं विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"काका माहे. पिंपळगाव राजाचे. मास्तर होते तिथं हायस्कुलात." माणसानं फोन खिशात टाकला. त्याचं नाव सागर होतं आणि तो इथंच मलकापुरात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. "झोपेतच गेले. काई तरास नाई, काई नाई. परवा तेरवी झाली."

तेरवी झाली. म्हणजे माणसं आली, रडली, पंगती उठल्या, भांडी घासून जागच्या जागी गेली, आणि एवढ्या सगळ्या दिवसांत कुणालाही वाटलं नाही की मलकापूरला एका माणसाला कळवायला पाहिजे. वाहेद या दिवसांत मास्तरांवर रुसून बसला होता. शनिवार रिकामा गेला, फोन बंद लागला, तेव्हा त्यानं धरलं होतं की कुठंतरी लग्नाला गेले असतील, आणि सांगून जायचं सुचलं नाही म्हणून त्याला राग आला होता. रागारागानं त्यानं नव्या तुकडीच्या ढाली एकट्यानंच रंगवून टाकल्या होत्या. लाल रंगाला हात घालताना मास्तर शेजारी पाहिजे हे दोघांचं ठरलेलं असूनही. ज्या दुपारी तो लाल रंग ढवळत होता, त्या दुपारी मास्तर असतील का नसतील, हे आता तो आठवू पाहत होता आणि दिवस एकमेकांत मिसळत होते. सागरला सांगावं, मी ओळखत होतो यांना. पण पुढं तो विचारील, कसे काय? गिऱ्हाईक? दोस्त? तीस वर्षांच्या त्या गोष्टीला काय म्हणायचं हे त्या दोघांनी कधी ठरवलंच नव्हतं. "तुम्ही नका येऊ घ्याले," तो म्हणाला. "मले तिकडं काम हाये. मीच घरी पोचवतो."

पट्टी कापताना, कोपरे जोडताना तो वरच्या खोलीचा विचार करायचं टाळत होता, आणि म्हणूनच तो दुसरा कसलाही विचार करू शकला नाही. दुकानावरच्या त्या खोलीत प्लायवूडच्या लांब टेबलावर रोमचं सैन्य उभं होतं. प्लास्टिकचं. एकेक शिपाई बोटभर उंच. याहून लहान, वेलदोड्याएवढे शिपाई स्वस्त मिळतात आणि जागाही कमी खातात, पण मास्तरांनी ते पहिल्यापासून नाकारले होते. "त्याले तोंड नसते, वाहेदभाई. मले माणसाचं तोंड दिसलं पाह्यजे." सुरुवात आसिफपासून झाली. आसिफ, वाहेदचा धाकटा भाऊ, तेव्हा जहाजावर खानसामा होता. कुठल्याशा बंदरावरून त्यानं वाहेदच्या लेकीसाठी, शाहीनसाठी, खेळण्याचा डबा आणला. शाहीननं दोन दिवस खेळून तो टाकून दिला आणि त्यातला एक शिपाई, भाला नेम धरून उगारलेला, काउंटरवर पडून राहिला. मास्तर शाळेच्या संस्थापकांचा फोटो मढवायला आले होते. त्यांनी तो शिपाई उचलला आणि काच कापून होईपर्यंत खालीच ठेवला नाही. जाताना तळहातावर उभा करून म्हणाले, "याचे बाकीचे कुठं हायेत?" तेव्हा दोघांचीही दाढी काळी होती.

नंतर एक शनिवार आड मास्तर येत गेले. आधी जुने डबे मुंबईहून, आसिफच्या ओळखीनं. मग इंटरनेट आलं तसं परदेशातून पार्सलं यायला लागली. पत्ता नेहमी वाहेदच्या दुकानाचा. शिपाई आले की आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग ब्लेडनं कडेला उठलेली साच्याची रेघ खरवडायची, मग अस्तराचा हात, मग रंग. फ्रेमच्या पट्ट्यांना लावायचा सोनेरी रंग निशाणावरच्या गरुडाला चालायचा. रंगाचं काम वाहेदचं. कुणाच्या शिरस्त्राणावरचा तुरा आडवा आणि कुणाचा उभा, कुणाच्या कमरेला तलवार उजवीकडे, हे मास्तरांचं. शंभर शिपायांच्या नायकाला, सेंच्युरियनला, ते जमादार म्हणत. सगळं मांडून झालं की मास्तर गुडघे टेकून खाली बसत, हनुवटी टेबलाला लावत आणि एक डोळा मिटून सैन्याकडे समोरून पाहत. "आता मी त्याईच्या एवढा झालो," म्हणत, आणि हसत. हसताना त्यांचा श्वास पहिल्या रांगेवर जायचा आणि हलक्या बुडाचा एखादा शिपाई पडायचा. एकदा वाहेदनं विचारलं होतं की आपल्याच इकडच्या फौजा काऊन नाही मांडत, त्याही मिळतील. मास्तर बराच वेळ ब्रश पुसत राहिले. "ते मांडले की त्यात एक बाजू तुमची होते, एक माही," ते म्हणाले. "हे लोक कोनाचेच नाई." त्यानंतर गावात वातावरण तापलं, दुकानं आठवडाभर बंद राहिली, तेव्हाही शनिवारी मास्तर मागच्या गल्लीतून आले होते. दोघं कासवाची रचना मांडत बसले. चारी बाजूंनी ढाली, डोक्यावर ढाली, आतला माणूस कुठूनच दिसत नाही अशी.

गुलनारनं, वाहेदच्या बायकोनं, तो कागदात गुंडाळत असलेली फ्रेम पाहिली आणि ती जागच्या जागी बसली. तिनं या माणसाला इतकी वर्षं जेवू घातलं होतं. दोघांची नजर भेटली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "घरवाली होगी ना?" वाहेद म्हणाला, होगी. घरवाली होती, एवढं ठाऊक होतं. पण त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला पहिल्यांदाच विचित्र वाटली.

नांदुऱ्याला एसटी बदलून तो पिंपळगाव राजाला उतरला. वाटेत सोयाबीन निघून गेलेली वावरं होती, कपाशी पांढरी फुटलेली होती, आणि मांडीवर मास्तर होते. कागदातून काचेचा गारवा पँटीला लागत होता. या रस्त्यानं ते किती वेळा आले असतील, खिडकीत बसून कशाचा विचार करत असतील, असं त्याच्या मनात येत होतं, आणि मग उगाच भीती वाटत होती की त्या घरात गेलो की आपल्याला माहीत असलेले मास्तर आपल्याकडून काढून घेतले जातील. घर सापडायला वेळ लागला नाही. दार साठीच्या बाईनं उघडलं. उंच, कपाळ मोकळं, डोळे कोरडे. सागरनं नाव सांगितलं होतं, अनुपमाबाई. माहेर धामणगाव बढ्याचं.

"मलकापूरहून आलो," वाहेद म्हणाला. "फोटो आनला."

बाईंनी फ्रेम हातात घेतली नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू घट्ट होत गेलं.

"तिनं पाठवलं का तुमाले?"

"कोनं?"

"आता काऊन लपवता? ते गेले ना आता." आवाज चढला नव्हता. "तुम्ही तिचे भाऊ असान, नाईतर कोन असान. मले भांडाचं नाई. फक्त एवढं सांगा, तिले कळलं का? मी कळू दिलं नाई. सागरले म्हटलं होतं, मलकापूरले कोनाले सांगू नको. दवंडी दे म्हटलं साऱ्या जिल्ह्यात, पन मलकापूर नको."

वाहेदला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तो दारातल्या पायरीवर बसला. फ्रेम गुडघ्यांवर. त्यानं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर नीट आठवेना. खेळणी म्हणाला, मग शिपाई म्हणाला, मग रोम म्हणाला, आणि प्रत्येक शब्द तोंडातून निघताना आधीच्यापेक्षा खोटा वाटला. मोठा माणूस, मास्तर माणूस, एक शनिवार आड, प्लास्टिकचे शिपाई रंगवायला. त्याला स्वतःलाच ते पटेना. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यापुढं ठेवला आणि चौकटीआड खाली बसल्या.

"शर्टाले इस्त्री करून मागाचे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी चुरगळलेला चालाचा. त्या दिवशी इस्त्री. मी करून द्याची. पहिल्यांदा मी इचारलं होतं, कोन हाये मलकापुरात? तर काईच बोलले नाई. नुसते पाहत राह्यले माह्याकडं. मग मी पुन्हा इचारलं नाई. काऊन इचारू? आले की अंगाले एक वास याचा. औषधावानी, पन औषध नोहे. मले वाटे, तिच्या घरचा वास हाये." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "एकदा मी आली होती. मलकापूरच्या स्टँडवर उतरली, बाकड्यावर बसली. बाया येत होत्या, जात होत्या. प्रत्येकीकडं पाह्यलं. एक गोरी होती, भरली अंगानं, हातात कोथिंबिरीची जुडी. मनात म्हटलं, हेच. तिच्या मांग गेली नाई. परतीच्या गाडीत बसली अन् घरी आली. तवापासून तेच तोंड राह्यलं माह्या डोळ्यात."

वाहेदनं विचारलं, तुम्हाला दाखवू का? येता का मलकापूरला? त्याला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांनी फ्रेम आत नेऊन ठेवली आणि चप्पल घातली.

परतीच्या सगळ्या वाटेत बाई खिडकीत बसून राहिल्या आणि त्यानं शेजारची जागा न घेता मागची घेतली. त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहत तो विचार करत होता की मास्तरांनी का नाही सांगितलं. लाज वाटली असेल. वर्गात पोरांच्या खिशातून गोट्या काढून खिडकीबाहेर फेकणारा माणूस. घरी कुणी खेळण्यातला शिपाई हातात पाहिला असता तर उद्या वर्गात कसं उभं राहायचं? आणि पहिल्या वेळी गप्प बसलं की दुसऱ्या वेळी बोलणं अवघड होतं, तिसऱ्या वेळी त्याहून. हे वाहेदला कळत होतं. पण खरं दुसरंच काही असावं असं त्याला राहून राहून वाटत होतं. ती खोली चांगली होती ती तिथं कुणी येत नव्हतं म्हणून. तिथं मास्तर कुणाचे नवरे नव्हते, कुणाचे मास्तर नव्हते. आणि तोही कुणाचा काही नव्हता. हे सुख त्यानंही घेतलं होतं. मास्तर आपल्याकडे येतात म्हणजे ते दुसऱ्या कुठून तरी उठून येतात, तिथं कुणीतरी इस्त्रीचा शर्ट हातात देऊन मागं उभं राहतं, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं तो तोंडं रंगवत होता. डोळ्यांतले काळे ठिपके, ओठांची रेघ, गालांवर उन्हाचा रंग.

दुकानाच्या मागचा जिना बाईंनी भिंतीला हात लावत चढला. गुलनार पायथ्याशी थांबली. खोलीचं दार उघडलं तशा बाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी डोळे मिटले. थिनरचा, व्हार्निशचा, जुन्या प्लास्टिकचा वास अंगावर आला होता. वाहेदला तो वर्षानुवर्षं येतच नसे.

"हाच," त्या म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या. टेबलावर दुपारचं ऊन तिरकं आलं होतं आणि रांगांच्या सावल्या रांगांहून लांब झाल्या होत्या. पुढं भालेवाले, मागं तिरंदाज, कडेला घोडेस्वार, मधे निशाण; एका बाजूला नव्या तुकडीच्या लाल ढाली, वाहेदनं रागात रंगवलेल्या. बाई कडेकडेनं चालत टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. हात त्यांनी पाठीमागं बांधले होते, देवळात परक्या माणसानं बांधावेत तसे. त्या रडतील म्हणून वाहेद तयार होता; त्या सगळं हातानं झाडून खाली टाकतील म्हणूनही तयार होता, आणि टाकलं असतं तर त्यानं अडवलं नसतं. त्यातलं काहीच झालं नाही.

"यासाठी?" त्या म्हणाल्या. "बाई असती तं समजलं असतं मले."

"बाई नव्हती," वाहेद म्हणाला. "अल्लाची कसम."

"तेच तं. रोज भांडली मी तिच्याशी. पोयी लाटता लाटता, पानी भरता भरता. तिले म्हनाची, घे तुले ठेव, मले नको. म्हनून मी त्याईच्याशी गोड बोललीच नाई कधी. सनावारालेबी नाई. मले वाटे, गोड बोलनारी हाये ना तिकडं. अन् इकडं कोनी नव्हतंच." त्यांनी खुर्ची ओढली, ती मास्तरांची खुर्ची होती, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. "आता ते गेले अन् तीबी गेली. घरात मी एकटीच राह्यली आता."

खालून कपबशांचा आवाज आला आणि थांबला. गुलनार चहा घेऊन अर्ध्या जिन्यात उभी असावी. वाहेद टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि त्याला वाटत होतं की दोघांच्या मधे पसरलेली ही एवढी माणसं एकाएकी फार लहान झाली आहेत, पूर्वी होती त्याहून लहान, तोंडं न दिसण्याइतकी. त्याचा स्वतःचा शोक, जो त्यानं फोटो उलटला तेव्हापासून कुठंच उतरवून ठेवला नव्हता, तोही आता आपला म्हणावा की नाही असा झाला. त्याच्यासाठी तेरवी नव्हती, बसायला कुणी येणार नव्हतं. आणि समोर जी बसली होती तिच्याशी तो बरोबरी कशी करणार होता?

"इथं ते कसे राहत?" बाईंनी विचारलं. "बोलत का?"

"बोलत. लय बोलत. हसत बी."

"हसत?"

"हाव."

बाईंनी मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाची तरी खुशाली ऐकावी तशी. मग त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि पुढं काय येणार हे वाहेदला शब्द यायच्या आधी कळलं.

"माह्याबद्दल काय बोलत?"

वाहेदनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. इतके शनिवार, इतकी जेवणं, पावसाळ्यातल्या लांब दुपारी, मास्तरांचा एकेक शब्द. एकदा तरी. रागानं तरी. बाई आजारी आहे, बाई माहेरी गेली आहे, एवढं तरी. तिथं काहीही नव्हतं. या बाईचं नाव त्यानं सागरच्या तोंडून ऐकलं होतं, चार दिवसांपूर्वी, फोटो कुणाच्या हाती द्यायचा म्हणून.

"म्हनाचे," तो म्हणाला. "म्हनाचे की घरच्या जेवनासारखं जेवन नाई कुठं. आमच्या इथं जेवताना नेहमी म्हनाचे. अनुपमाच्या हातचं वांग्याचं भरीत…"

"मी भरीत करत नाई," बाई म्हणाल्या. "वांगं चालत नव्हतं त्याईले. अंगावर उठे."

वाहेदचे हात टेबलाच्या कडेवर होते. बाई त्याच्याकडे पाहत होत्या; त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि जे होतं ते रागापेक्षा सोसायला अवघड होतं. बाहेर मालगाडी चालली होती, तिचे डबे संपतच नव्हते. ती गेल्यावर बाईंनी खुर्ची थोडी पुढं घेतली, पदर सावरला, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सांगा," त्या म्हणाल्या. "अजून काय म्हनाचे?"

आणि वाहेद सांगत राहिला.